नऊ वनस्पती, वीस थेंब, दहा वर्षं

जर्मनीत वर्ष-दोन वर्षं काढलेल्या कुणालाही विचारा, तिथे घरोघरी एक छोटी तपकिरी बाटली दिसते. जेवण जरा जास्त झालं, पोट जड वाटतंय, मळमळतंय, की जर्मन माणूस ती बाटली कपाटातून काढतो, थोड्या पाण्यात वीस थेंब टाकतो आणि तोंड वाकडं करून गिळतो. आपल्याकडे ओवा आणि काळं मीठ, तसं त्यांच्याकडे हे. नाव इबेरोगास्ट. मी ऑनसाइटला होतो तेव्हा टीममधल्या एका कलीगच्या ड्रॉवरमध्ये स्टेपलरच्या शेजारी तिचा मुक्काम असायचा. एकदा कॅन्टीनच्या सॉसेजनंतर त्याने मलाही थेंब दिले आणि वर म्हणाला, "घे रे, यात केमिकल काही नाही, सगळा झाडपाला आहे." हे वाक्य मी सदाशिव पेठेत किमान दोनशे वेळा ऐकलेलं. ते जर्मन उच्चारातल्या इंग्रजीत ऐकताना फार गंमत वाटली. (चवीचं म्हणाल तर, कडू काढ्यात कुणीतरी रम ओतल्यासारखी. थेंबांत जवळपास ३१ टक्के अल्कोहोल असतं, त्यामुळे पोटात लगेच 'गरम' वाटण्यात काही गूढ नाही.)

पुढे एका वीकांताला मी या बाटलीचा इतिहास वाचायला बसलो आणि रात्रीचे दोन वाजले. भांडण होतं पाकिटातल्या माहितीपत्रकावरच्या दोन-तीन ओळींचं. त्या ओळी छापून यायला दहा वर्षं लागली.

सुरुवातीपासून सांगतो. डार्मश्टाट या गावातल्या श्टायगरवाल्ड नावाच्या कंपनीने १९६१ च्या सुमारास हे थेंब बाजारात आणले. त्यात नऊ वनस्पती. मुख्य म्हणजे इबेरिस आमारा नावाचं एक कडवट रोपटं, ज्यावरून औषधाला नाव मिळालं. बाकी कॅमोमाइल, पेपरमिंट, लेमन बाम, कॅरवे (आपल्या शहाजिऱ्याच्या जातीचं), ज्येष्ठमध, अँजेलिकाचं मूळ, मिल्क थिसल... आणि नववी श्योलक्राउट, इंग्रजीत जिला ग्रेटर सेलंडाइन म्हणतात. यातल्या आठ जणी या गोष्टीत गप्प बसणार आहेत. आपल्याला काम आहे ते नववीशी.

श्योलक्राउट युरोपात रस्त्याकडेला, जुन्या भिंतींच्या फटीत उगवते. फुलं पिवळी, आणि देठ मोडला की गडद नारिंगी-पिवळा चीक बाहेर येतो. आपल्या पिवळ्या धोतऱ्याची ही बहीणच म्हणा ना, दोघी अफूच्या कुळातल्या. दोघींच्या चिकात सँग्विनॅरिन नावाचं एक अल्कलॉइडही सामाईक आहे. पिवळ्या धोतऱ्याच्या बियांचं तेल मोहरीच्या तेलात मिसळलं गेलं म्हणून १९९८ मध्ये दिल्लीत जलशोथाची साथ आली होती आणि साठाहून जास्त माणसं गेली होती, हे कदाचित काही जणांना आठवत असेल. असो, ती गोष्ट भेसळीची, आणि तिथला पोटात जाणारा डोसही वेगळा. मुद्दा एवढाच की घराणं बऱ्यापैकी जहाल आहे.

आता या चिकाचा रंग बघून जुन्या लोकांना काय आठवलं असेल? कावीळ. ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीसने पहिल्या शतकातच हिचं मूळ काविळीवर सांगून ठेवलंय. पुढे सोळाव्या शतकात पॅरासेल्ससच्या काळात त्याला रीतसर तत्त्वज्ञानाचं रूप आलं: देवाने प्रत्येक वनस्पतीवर तिच्या उपयोगाची खूण करून ठेवली आहे, माणसाने ती वाचायची. अक्रोड मेंदूसारखा दिसतो म्हणून डोक्यासाठी, पिवळा चीक पित्तासारखा दिसतो म्हणून यकृतासाठी. एकोणिसाव्या शतकात राडेमाखर नावाचा जर्मन डॉक्टर यकृताच्या रोग्यांना हिचा अर्क देत असे. म्हणजे जवळजवळ दोन हजार वर्षांचा अनुभव पाठीशी. 'हजारो वर्षं लोक घेताहेत, काही असतं तर कळलं नसतं का?' हा युक्तिवाद करायला यापेक्षा चांगलं उदाहरण शोधून सापडणार नाही. ते लक्षात ठेवा, पुढे लागेल.

१९६१ या सालाबद्दलही थोडं सांगायला हवं. त्याच वर्षी नोव्हेंबरात जर्मनीत कॉन्टेरगान हे औषध बाजारातून काढून घेतलं गेलं. कॉन्टेरगान म्हणजे थॅलिडोमाइड. झोपेसाठी, गरोदरपणातल्या मळमळीसाठी प्रिस्क्रिप्शनशिवाय मिळणारं आणि अत्यंत निर्धोक म्हणून विकलं गेलेलं औषध. एकट्या जर्मनीत सुमारे ५,००० मुलं हातापायांचं व्यंग घेऊन जन्माला आली. या घटनेने त्या समाजाच्या मनात दोन गोष्टी एकदम रुजवल्या असं मला वाटतं. एक, औषधांवर कडक कायदा हवा. दुसरी, प्रयोगशाळेतल्या रसायनापेक्षा आपला झाडपाला बरा. पहिल्या भावनेतून १९७६ चा औषध कायदा आला, १९७८ पासून लागू झाला आणि औषध गुणकारी आहे हे सिद्ध करणं सक्तीचं झालं. दुसऱ्या भावनेमुळे त्याच कायद्यात वनौषधी, होमिओपथी वगैरेंना 'विशेष उपचारपद्धती' म्हणून वेगळी वागणूक मिळाली. आधीपासून बाजारात असलेली औषधं तूर्त मान्यताप्राप्त समजली गेली, त्यांची फेरतपासणी पुढे कित्येक वर्षं रेंगाळली. आपल्या भाषेत सांगायचं तर जुना कोड तसाच प्रॉडक्शनमध्ये ठेवला आणि नवीन टेस्ट केसेस फक्त नव्या मॉड्यूल्सना लावल्या. हे काम केलेल्यांना शेवट काय होतो ते सांगायला नको.

वनौषधींची छाननी करायला १९७८ मध्ये एक समिती नेमली, कमिशन ई. हिने पुढच्या काळात शेकडो वनस्पतींवर टिपणं लिहिली, जी नंतर इंग्रजीत जाऊन अमेरिकेतही प्रमाण मानली गेली. श्योलक्राउटवरचं टिपण १९८५ चं. उपयोग: पित्तमार्गात आणि पोटात येणारे पेटके. दुष्परिणाम: माहीत नाहीत.

हे दोन शब्द पुन्हा वाचा. 'माहीत नाहीत.' आपणही रिलीज नोट्समध्ये 'नो नोन इश्यूज' लिहितो, आणि ते लिहिताना बग नाहीत असं आपल्यापैकी कुणी मानत नाही. पण ग्राहक मात्र 'नोन' हा शब्द गाळूनच वाचतो. दुकानात पोचेपर्यंत 'माहीत नाहीत'चं 'नाहीत' झालेलं असतं.

१९९९ मध्ये एर्लांगेनच्या विद्यापीठ रुग्णालयातल्या डॉक्टरांनी 'गॅस्ट्रोएंटरॉलॉजी' या नियतकालिकात एक लेख छापला. दोन वर्षांत त्यांच्याकडे यकृताला अचानक सूज आलेले दहा रुग्ण असे आले की ज्यांच्यात विषाणू, दारू वगैरे नेहमीचे संशयित सापडत नव्हते. सगळे जण पोटाच्या किंवा पित्ताच्या तक्रारीसाठी श्योलक्राउटची वेगवेगळी औषधं घेत होते. निम्म्यांना पित्त तुंबलेलं. औषध बंद केल्यावर यकृताचे आकडे दोन ते सहा महिन्यांत पूर्ववत झाले. एकाने नकळत तेच औषध पुन्हा सुरू केलं, आणि यकृत पुन्हा सुजलं. डीबगिंग करणाऱ्याला या शेवटच्या वाक्याचं महत्त्व वेगळं सांगायला नको: पॅच काढला, बग गेला, पॅच परत लावला, बग परत आला.

म्हणजे काविळीवर म्हणून दोन हजार वर्षं दिलेली वनस्पती काही माणसांना स्वतःच कावीळ करत होती. आणि ते दोन हजार वर्षं कुणाला दिसलं नाही. का दिसलं नाही, यात मला या संपूर्ण गोष्टीतला सगळ्यात जास्त रस आहे. एक तर आधीच पिवळा पडलेला माणूस हे औषध घ्यायचा, तो आणखी पिवळा पडला तर दोष रोगाला. बरा झाला तर श्रेय औषधाला. दुसरं म्हणजे हे सगळ्यांना होत नाही. बहुसंख्य लोकांना काहीही होत नाही, आणि अमुक एकाला होईल हे आधी ओळखता येत नाही. वैद्यकात याला इडिओसिंक्रॅटिक म्हणतात, आपण त्याला 'माझ्या मशीनवर चालतंय' म्हणतो :) गावातल्या वैद्याने आयुष्यभरात पाचशे माणसांना ही मुळी दिली असेल आणि एखाद्यालाच असा त्रास झाला असेल, तर कोणत्या अनुभवातून तो धडा शिकणार होता?

बरं, वैद्याचं सोडा. आधुनिक चाचण्यांतही हे दिसत नाही. इबेरोगास्टवर चाचण्या झालेल्या आहेत, आणि हे मुद्दाम सांगतो, कारण वनौषधी म्हणजे काहीच तपासलेलं नाही असा उलटा गैरसमजही असतो. २००७ मध्ये छापून आलेल्या एका चाचणीत ३१५ रुग्ण होते, आठ आठवडे, अर्ध्यांना खरे थेंब आणि अर्ध्यांना खोटे. तक्रारींचा गुणांक खऱ्या थेंबांनी ६.९ ने उतरला आणि खोट्यांनी ५.९ ने. फरक संख्याशास्त्रात बसतो, म्हणजे औषध काहीतरी करतं. (खोट्या थेंबांनी ५.९ उतरला, हे वाचून मी जरा वेळ खिडकीबाहेर बघत बसलो. रिपोर्ट नॉर्मल असलेल्या पोटदुखीचं हे असंच असतं.) पण सुरक्षिततेचं गणित करून बघा. समजा एखादा गंभीर दुष्परिणाम १०,००० माणसांत एकाला होतो. खरे थेंब घेणाऱ्या दीडशे-एकशेसाठ लोकांत तो एकदा तरी दिसण्याची शक्यता शंभरात दीड. तो किमान एकदा दिसेल अशी ९५ टक्के खात्री हवी असेल तर चाचणीत ३०,००० माणसं लागतील. तेवढी मोठी चाचणी पोटाच्या थेंबांसाठी कुणी करत नाही. म्हणजे टेस्ट एन्व्हायर्नमेंटमध्ये हा बग सापडणारच नाही, तो फक्त प्रॉडक्शनमध्ये, लाखो लोकांनी वापरल्यावर सापडणार. आणि तिथे तो सापडायचा तर कुणीतरी लॉग ठेवला पाहिजे. गरगरून दवाखान्यात आलेल्या माणसाला डॉक्टर विचारतात, "काही औषधं चालू आहेत का?" आणि तो प्रामाणिकपणे म्हणतो, "नाही." थेंब त्याच्या हिशेबात औषध नसतातच, तो झाडपाला असतो. लॉगच रिकामा.

तर आता २००८. जर्मनीत औषधांवर देखरेख करणारी केंद्रीय संस्था बॉनमध्ये आहे, तिचं लघुरूप बीफार्म. एप्रिल २००८ मध्ये बीफार्मने श्योलक्राउटच्या औषधांवर आदेश काढला. रोजच्या डोसमध्ये या वनस्पतीची अल्कलॉइड्स २.५ मिलिग्रॅमहून जास्त जात असतील तर ते औषध बंद. त्याहून कमी, पण २.५ मायक्रोग्रॅमहून जास्त असतील, तर औषध विका, मात्र पत्रकावर इशारा छापा: यकृताचा आजार असलेल्यांनी घेऊ नये, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी घेऊ नये, वगैरे. इबेरोगास्ट दुसऱ्या गटात. त्याला कुणी बाजारातून हाकलत नव्हतं. डोस बदला, प्रिस्क्रिप्शन लावा, असलं काही नव्हतं. फक्त कागदावर काही ओळी वाढवायच्या.

कंपनीने हरकत घेतली. आमच्या औषधात श्योलक्राउट फार थोडं आहे, इतक्या डोसला यकृताला इजा होते याचा पुरावा नाही, असं तिचं म्हणणं. हा युक्तिवाद अगदीच हास्यास्पद नव्हता, एर्लांगेनचे रुग्ण घेत होते ती औषधं वेगळी होती. पण खरी मेख कायद्यात होती. जर्मन प्रशासकीय कायद्यात सरकारी आदेशावर हरकत घेतली की सहसा तिचा निकाल लागेपर्यंत आदेश स्थगित राहतो. मूळ हेतू उदात्त आहे, सरकारने नागरिकाचं घर पाडायचा आदेश काढला तर आधी ऐकून घ्या, मग पाडा. पण इथे त्याचा अर्थ असा झाला की फाइल जितकी वर्षं टेबलावर राहील तितकी वर्षं पत्रक जुनंच छापलं जाईल. सरकारला 'तातडीने अंमल करा' असं म्हणून ही स्थगिती मोडता येते, पण तातडी आहे हे आधी दाखवावं लागतं. आणि तातडी दाखवायची म्हणजे काय? कुणाचं तरी काहीतरी व्हावं लागतं.

फाइल राहिली. २०११ मध्ये युरोपीय औषध संस्थेच्या वनौषधी समितीने श्योलक्राउट पोटात घेण्याबद्दल प्रतिकूल मत दिलं, फायद्यापेक्षा धोका जास्त. पत्रक तेच. २०१३ मध्ये श्टायगरवाल्ड कंपनी बायरने विकत घेतली. बायर म्हणजे ॲस्पिरिनवाली, तिच्याकडे वकिलांची वानवा नव्हती. टीव्हीवर इबेरोगास्टच्या जाहिराती झळकत राहिल्या. जर्मन संसदेत ग्रीन पक्षाच्या खासदारांनी यावर प्रश्न विचारले. शेजारी स्वित्झर्लंडमध्ये तर इशारा जर्मनीच्या आधी छापला गेला. बाटली तीच, थेंब तेच, आणि सीमेच्या अलीकडच्या यकृताला एक माहिती, पलीकडच्याला दुसरी.

२०१८ च्या उन्हाळ्यात बीफार्मकडे यकृताच्या इजेच्या नव्या नोंदी आल्या. त्यातली एक यकृत निकामी होण्याची होती, प्रत्यारोपण करावं लागलं आणि रुग्ण दगावला. आता तातडी सिद्ध झाली होती. बीफार्मने तातडीच्या अंमलाची तयारी दाखवली आणि सप्टेंबर २०१८ मध्ये बायरने इशारा छापायचं मान्य केलं. एप्रिल २००८ ते सप्टेंबर २०१८. पुढच्या वर्षी कोलोनच्या सरकारी वकिलांनी निष्काळजीपणाने मृत्यू झाल्याच्या संशयावरून चौकशी सुरू केल्याची बातमी हांडेल्सब्लाट या दैनिकाने दिली. तो मृत्यू या थेंबांमुळेच झाला का, हा प्रश्न न्यायालयी काटेकोरपणे सोडवणं कठीण असतं. एका माणसाच्या बाबतीत कार्यकारणभाव दाखवायला त्याला दुसऱ्यांदा औषध देऊन बघता येत नाही.

छापलेला इशारा वाचला की दहा वर्षांचा अर्थ कळतो. त्यात लिहिलंय: यकृताचा आजार असेल किंवा पूर्वी होऊन गेला असेल, किंवा यकृताला त्रासदायक दुसरी औषधं चालू असतील तर घेऊ नका. त्वचा किंवा डोळे पिवळे होणं, लघवी गडद होणं, शौचाचा रंग फिका पडणं, वरच्या पोटात दुखणं, मळमळ, भूक न लागणं, थकवा, यातलं काही जाणवलं तर लगेच बंद करा आणि डॉक्टरकडे जा.

वरच्या पोटात दुखणं. मळमळ. भूक न लागणं. माणूस हे थेंब मुळात घेतो कशासाठी? याच्यासाठीच! यकृताला इजा होत असलेला माणूस, पत्रकावर काही लिहिलेलं नसेल तर, काय करणार? आणखी वीस थेंब घेणार. पोटाच्या औषधाचा हा पेच खोकल्याच्या औषधाला सहसा नसतो. प्रिस्क्रिप्शन नाही, मध्ये डॉक्टर नाही, दुकानदार घाईत आहे. अशा औषधात घेणारा माणूस आणि धोका यांच्यामध्ये उभं असलेलं एकमेव काहीतरी म्हणजे तो घडी केलेला कागद. त्यावरच्या ओळींसाठीचं भांडण 'फक्त लेबलचं' होतं असं म्हणणाऱ्यांशी मी म्हणूनच वाद घालतो.

हे वाचून 'जर्मनांचं ठीक आहे, आपलं आयुर्वेद वेगळं' असं कुणाला वाटत असेल तर मुंबईचंच उदाहरण देतो. कोविडच्या काळात घरोघरी गुळवेलीचे काढे सुरू झाले. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या चार महिन्यांत मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेत असलेले, यकृताला इजा झालेले सहा रुग्ण पाहिले. त्यांतला एक दगावला. २०२१ मध्ये हे एका यकृतविषयक नियतकालिकात छापून आलं. आयुष मंत्रालयाने तो लेख दिशाभूल करणारा असल्याचं सांगितलं, वनस्पतीची ओळख नीट पटवलेली नाही, दुसरीच कुठली वेल असू शकेल, हा आक्षेप घेतला. आक्षेप दखल घेण्यासारखा आहे. पण अंगणातल्या वेलीचा काढा घेणाऱ्याने वेल ओळखायची कशी, हा प्रश्न त्यातून उलट मोठाच होतो. आणि तिथे तर कागदही नाही. आपल्या औषध नियमांत, विषारी म्हणून यादीत असलेले घटक ज्या आयुर्वेदिक औषधात आहेत त्यावर 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्या' असं छापावं लागतं. गुळवेल त्या यादीत नाही, आणि हंड्यात उकळलेल्या काढ्याला लेबल कुठलं?

आई-बाबांना फोनवर हे सगळं ऐकवून झालंय. बाबांचं म्हणणं, "तुझ्या त्या कागदावर इतकं लिहिलेलं असतं की वाचूनच पोट बिघडेल." आईने मात्र पुढच्या रक्ततपासणीच्या वेळी डॉक्टरांना आपल्या चूर्णाचं नाव सांगितलं. त्यांनी ते लिहूनही घेतलं म्हणे.

इकडे बायरने २०२० मध्ये इबेरोगास्टची नवी आवृत्ती काढली, 'ॲडव्हान्स' नावाची. तिच्यात नऊऐवजी सहाच वनस्पती आहेत आणि श्योलक्राउट नाही. त्याच पोटासाठी, त्याच तक्रारींसाठी. यासाठी नवं संशोधन करावं लागलं असंही नाही, श्योलक्राउट वगळलेल्या सूत्रावरच्या चाचण्या त्याआधी बरीच वर्षं छापून आलेल्या होत्या. जुनी बाटली 'क्लासिक' झाली.